मादी शंखावर नराची खूण: गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर इंपोसेक्सची तपासणी कशी करावी

शंख फोडला, आत शिश्न दिसलं, वहीत 'नर' असं लिहिलं. इंपोसेक्सच्या, म्हणजे मादी शंखावर नराचे अवयव उगवण्याच्या, तपासणीतली सगळ्यात मोठी चूक ती हीच, आणि ती दर वर्षी होते. आपण शोधतोय तेच मुळी मादीच्या अंगावर उगवलेलं शिश्न. ते पाहून लिंग ठरवलं, तर जी मादी सगळ्यात जास्त बाधित तीच 'नर' या रकान्यात जाऊन बसते आणि प्रदूषण कागदावरून पुसलं जातं. मी स्वतः पहिल्या वर्षी हे केलं आहे. धक्क्याजवळच्या खडकावरच्या चोवीस शंखांपैकी एकवीस नर निघाले आणि मी विद्यार्थ्यांना लिंगगुणोत्तर बिघडल्याचं समजावून सांगत बसले. नशिबाने नमुने टाकले नव्हते. पुन्हा ग्रंथी पाहिल्या, तेव्हा त्यातल्या अर्ध्याहून अधिक माद्या होत्या.

हा लेख प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि किनाऱ्याची नोंद ठेवणारे गट यांच्यासाठी आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. इथल्या बहुतेक चुका क्रम बदलल्यामुळेच होतात.

आधी एवढं समजून घ्या

जहाजाच्या बुडाला बार्नेकल (घट्ट चिकटून राहणारे कवचाचे छोटे जीव) आणि शेवाळ चिकटू नये म्हणून लावायच्या रंगात अनेक वर्षं ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी, हे कथिलाचं संयुग मिसळलं जात होतं. रंगातून ते हळूहळू पाण्यात सुटतं. इतर प्रदूषकांचा विचार करताना आपण मायक्रोग्रॅम मोजतो. इथे काही जातींत लिटरला एक नॅनोग्रॅमच्या आसपास टीबीटी असलं तरी मादीच्या शरीरात बदल सुरू होतो. टीबीटी पेशीतल्या रेटिनॉइड एक्स रिसेप्टर या संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि नराचे अवयव घडवण्याचा संदेश चुकीच्या शरीरात सुरू होतो. मादीच्या उजव्या स्पर्शकामागे शिश्न उगवतं, शुक्रवाहिनी तयार होते. ही वाहिनी वाढत जननद्वारावर चढली की द्वार बुजतं. अंडी तयार होतात, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. अंडसंपुटं, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, आतच साचून काळी पडतात. काही जातींत यातून मादीचा जीवही जातो.

टीबीटीयुक्त रंगांवरची जागतिक बंदी 17 सप्टेंबर 2008 पासून लागू आहे. मग आता तपासायचं कशाला? कारण टीबीटी गाळाला धरून बसतं. पाण्यात ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत विघटित होतं, पण प्राणवायू नसलेल्या गाळात वर्षानुवर्षं टिकतं, आणि बंदरातला गाळ उपसला की पुन्हा वर येतं.

1. प्रश्न एका वाक्यात लिहा

'गोव्यातल्या सागरी प्रदूषणाचा शंखांवर परिणाम' हा प्रश्न नव्हे, हा विषय झाला. मे महिन्यात किनाऱ्याला लागणारे डांबरगोळे, सांडपाणी, खनिजाची माती, प्लास्टिक या सगळ्यांचं उत्तर इंपोसेक्समधून मिळत नाही. ही पद्धत मुख्यतः टीबीटी आणि त्याच्या जवळच्या कथिल-संयुगांची खूण दाखवते. तिची खरी ताकद या नेमकेपणात आहे. प्रश्न असा लिहा: 'अमुक धक्क्यापासून दूर जाताना अमुक जातीच्या माद्यांमधला इंपोसेक्स कमी होतो का?'

2. जागा निवडा, आणि 'स्वच्छ' जागेवर शंका घ्या

एकाच जागेचा नमुना काहीच सांगत नाही. किमान चार जागा घ्या: एक धक्क्याजवळ किंवा जहाज-दुरुस्तीच्या गोदीजवळ, दोन मधल्या अंतरावर आणि एक तुलनेसाठी दूरची.

गोव्यात पहिली जागा शोधावी लागत नाही. मुरगाव बंदर, वास्कोचा परिसर, झुआरी-मांडवीच्या काठावरची बार्ज-दुरुस्तीची ठिकाणं आणि मालीम, कुटबण, शापोरा इथल्या मासेमारीच्या जेटी सगळ्यांना ठाऊक आहेत. अडचण तुलनेच्या जागेची आहे. 'दक्षिण गोवा म्हणजे स्वच्छ' असं धरून मुलं थेट गोव्याच्या दक्षिण टोकाच्या पोळ्याला जातात. पण पोळ्याच्या पलीकडे जवळच कारवारचं बंदर आहे, हे नकाशा उघडल्याशिवाय लक्षात येत नाही. वागातोरचे खडक सुंदर आहेत, पण शापोऱ्याची जेटी हाकेच्या अंतरावर. काब द रामच्या पायथ्याचे खडक मला त्यातल्या त्यात बरे वाटतात, तरी उत्तरेला बेतूल आणि कुटबण आहेतच. म्हणून निवडलेल्या प्रत्येक जागेपासून जवळच्या जेटीचं, नांगरतळाचं आणि गोदीचं अंतर किलोमीटरमध्ये लिहून ठेवा. पुढे हा रकानाच सगळ्यात उपयोगी पडतो.

खाडीच्या आतली जागा आणि उघड्या समुद्रावरची जागा यांची थेट तुलना करू नका. पावसाळ्यात झुआरी-मांडवीच्या मुखाशी पाणी किती गोडं होतं ते कालवं काढणाऱ्या कोणालाही विचारा. असा ताण शंखाच्या वाढीवर वेगळाच परिणाम करतो.

> सावधान: बंदर आणि शिपयार्डच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय जाऊ नका. मुलांना घेऊन तर मुळीच नाही.

3. जात एकच ठेवा

इंपोसेक्स मुख्यतः मांसाहारी समुद्री गोगलगायींत दिसतो. म्युरिसिडी कुळातले, म्हणजे बार्नेकल आणि कालवांना भोक पाडून खाणारे खडकावरचे जाड शंख, या कामाला उत्तम. मुरगाव परिसरातून याच कुळातल्या क्रोनिया कोंकणेन्सिस या छोट्या शंखात इंपोसेक्सची नोंद झाली आणि ती 1999 मध्ये प्रसिद्धही झाली. पर्प्युरा आणि थाइस गटातले शंखही आपल्या खडकांवर भेटतात.

शेवाळ चरणारे टोपीसारखे लिंपेट, नेरिटा, वाळूतले खुबे आणि तिसऱ्या (शिंपल्या) या तपासणीसाठी नाहीत. दोन जाती एकत्र करून सरासरी काढू नका. प्रत्येक जातीचं शरीर टीबीटीला वेगळ्या प्रमाणात दाद देतं.

काही मोठे आणि देखणे समुद्री शंख वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूचींत आहेत. आपली जात त्यांत नाही याची खात्री करा, आणि वन खात्याशी पत्रव्यवहार करायचा असेल तर तो काम सुरू करण्याआधी करा.

4. ओहोटी आणि साहित्य

काम नोव्हेंबर ते मे या काळात करा. पावसाळ्यात खडकावर उतरणं जिवावरचं आहे. सगळ्या जागांचे नमुने एकाच महिन्यात घ्या, कारण काही जातींत विणीच्या हंगामाबाहेर नराचं शिश्नही आखडतं. डिसेंबरातली एक जागा आणि मेमधली दुसरी असं जुळवलं की सगळी मोजदाद फुकट.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस पाहा. भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसं उतरत नाही आणि खालच्या पट्ट्यातले शंख हाती लागत नाहीत. मुरगावचं भरती-ओहोटीचं कोष्टक घ्या, ओहोटीच्या तळाच्या दीड तास आधी खडकावर पोहोचा आणि पाणी वळताच निघा.

बरोबर घ्यायच्या वस्तू: पकड असलेले बंद बूट, झाकणाच्या बादल्या (प्रत्येक जागेला वेगळी), ओलं सुती कापड, पेन्सिल, जलरोधक कागदाच्या चिठ्ठ्या, जीपीएस असलेला फोन. बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या खाऱ्या पाण्यात धुऊन जातात, आणि अशा बेनाम बादल्या मी दोनदा परत समुद्रात ओतल्या आहेत.

5. गोळा करणं

प्रत्येक जागेवरून 30 ते 40 प्रौढ शंख पुरतात. प्रौढ म्हणजे ज्याच्या तोंडाची कड जाड झाली आहे आणि बहुतेक जातींत आतल्या बाजूला दातासारखे उंचवटे दिसतात. पातळ, धारदार कडेचे शंख वाढते असतात, ते परत ठेवा.

मोठे शंख ठळक दिसतात म्हणून हात आपोआप त्यांच्याकडे जातो. तसं होऊ देऊ नका. खडकाचा एक पट्टा ठरवा आणि त्यात भेटणारे सगळे प्रौढ क्रमाने उचला, कपारीतलेही. आणि पट्ट्यात जेमतेम पंधरा शंख असतील तर थांबा, जागा बदला. हे तीस जीव आपण मारणार आहोत. ज्या खडकावर त्यांची संख्या आधीच घटली आहे, तिथे शेवटची माणसं मोजावीत तसे ते वेचून आणणं मला पटत नाही.

बादलीत पाणी भरून झाकण लावू नका. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि शंख मरतात. समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळून सावलीत आणा, मग हवा सोडलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत तपासा.

खडकावर अंडसंपुटं दिसली तर काढू नका, फोटो घ्या. म्युरिसिडींत ताजी संपुटं साधारण फिकट पिवळसर असतात, जांभळी पडलेली बहुधा मेलेली.

> तपासा: प्रत्येक बादलीत जागेचं नाव, तारीख, वेळ आणि गोळा करणाऱ्याचं नाव असलेली चिठ्ठी *आत* आहे ना? झाकणावरची चिठ्ठी धरू नका, झाकणं बदलतात.

6. गुंगी द्या, घाई करू नका

या पायरीला सगळे कंटाळतात आणि ती टाळतात. गुंगी न दिलेला शंख फोडला की तो अंग आखडतो. शिश्न अर्धं-पाऊण मिलिमीटर दिसतं, कधी दिसतच नाही. फ्रीजरमध्ये गोठवलेल्या नमुन्यात आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्यातही मापं बदलतात. नाइलाजाने तसं करावंच लागलं, तर सगळ्या जागांच्या सगळ्या नमुन्यांना तीच वागणूक द्या.

एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात सुमारे 70 ग्रॅम हायड्रेटेड मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवा. या द्रावणात शंख एक ते दोन तास ठेवा. पाय सैल बाहेर आला आणि सुईने हलकेच टोचूनही शंखाच्या तोंडावरचं झाकण आत ओढलं गेलं नाही की तयार.

औषधाच्या दुकानात मिळणारं एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. नावातलं 'मॅग्नेशियम' पाहून दरवर्षी कोणीतरी ते घेऊन येतं. इथे क्लोराइडच हवं.

7. माप, मग फोड

कवच फोडण्याआधी व्हर्नियर कॅलिपरने उंची मोजा: टोकापासून खालच्या नळीसारख्या खाचेच्या शेवटापर्यंत, 0.1 मिलिमीटरपर्यंत. फोडल्यावर हे माप पुन्हा मिळत नाही.

शंख व्हाइसमध्ये धरून हळूहळू आवळा, तडा गेला की थांबा. हातोडीने कवचाचे तुकडे मांसात घुसतात आणि नेमका जननमार्ग फाटतो. चिमट्याने तुकडे काढा, मधल्या दांड्याला धरणारा स्नायू कापा आणि प्राणी अख्खा सोडवा. बोटांना जांभळा डाग पडेल, उग्र वास येईल. तो या कुळाच्या ग्रंथीचा स्राव आहे, प्रदूषण नव्हे. मुलांनी अहवालात 'विषारी जांभळा द्रव आढळला' असं लिहिलेलं मी वाचलं आहे.

8. लिंग ग्रंथींवरून ठरवा. शिश्न झाकून ठेवा

संपूर्ण कामाचा कणा हा आहे. मी मुलांना जोडीने बसवते. पहिला फक्त ग्रंथी पाहतो आणि लिंग सांगतो. दुसरा ते लिहितो, आणि त्यानंतरच डोक्याकडचा भाग उघडला जातो. तोवर डोक्यावर ओल्या टिश्यूचा तुकडा.

प्राणी उताणा नाही, पालथा ठेवा. कवचाखाली असलेलं पातळ आवरण, म्हणजे प्रावार, डोक्याच्या बाजूने मधोमध कापून दोन्हीकडे पसरवा. आता आतल्या छतावर उजवीकडे पाहा.

मादीत तिथे मोठी, फुगीर, दुधाळ ते पिवळसर अंडसंपुट ग्रंथी असते. तिच्यामागे अल्ब्युमिन ग्रंथी. या दोघींच्या मध्ये किंवा लगतच, बहुतेक म्युरिसिडींत, एक छोटी गडद तपकिरी ग्रंथी दिसते. जादा शुक्राणू पचवण्याचं काम तिचं. ती सापडली की मादी, मग डोक्यावर काहीही उगवलेलं असो.

नरात त्याच जागी प्रोस्टेट असते, अंडसंपुट ग्रंथीपेक्षा बरीच बारीक. जननग्रंथीच्या पुढे वेटोळे घातलेली शुक्राशयाची नळी दिसते.

जननग्रंथीच्या रंगावर विसंबू नका. तो जात, हंगाम आणि पोटातल्या खाद्याप्रमाणे बदलतो. शंका असेल तर चिमूटभर ऊती काचपट्टीवर चेपून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: अंडपेशी की शुक्राणू, हे तिथे स्पष्ट होतं.

याच वेळी परजीवी पाहा. जननग्रंथीच्या जागी तांदळाच्या कणीसारख्या किंवा अळीसारख्या हलत्या पिशव्या दिसल्या तर तो ट्रेमॅटोड कृमींचा संसर्ग. हे कृमी यजमानाचं प्रजनन खच्ची करतात, नराचं शिश्नही खुरटतं. असा नमुना मोजणीतून काढा, पण वहीत नोंद ठेवा.

> तपासा: ग्रंथीवरून लिंग ठरलं नाही तर 'अनिश्चित' लिहा. शिश्न पाहून अडलेलं काम सोडवायचं नाही.

9. आता डोकं उघडा

उजव्या स्पर्शकाच्या मागे पाहा. शिश्न सरळ करून बुडापासून टोकापर्यंत मोजा, स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली, आलेख कागदावर किंवा नेत्रिकेतल्या पट्टीवर. नरांचंही मोजा. ते विसरलात तर पुढचा हिशेबच होत नाही.

मग शुक्रवाहिनीचा टप्पा ठरवा. रूढ मोजपट्टी 0 ते 6 अशी आहे. 0 म्हणजे काहीच नाही. 1 मध्ये जननद्वाराजवळ वाहिनीची सुरुवात. 2 मध्ये स्पर्शकामागे नुसता उंचवटा. 3 मध्ये छोटं शिश्न आणि त्याच्या बुडापासून निघालेली वाहिनी. 4 मध्ये दोन्हीकडून आलेले तुकडे जुळतात आणि सलग वाहिनी होते. 5 मध्ये जननद्वार ऊतीखाली झाकलं जातं किंवा सरकतं. 6 मध्ये संपुट ग्रंथीत न बाहेर पडलेल्या अंडसंपुटांचा गडद गोळा.

4 पर्यंतची मादी अंडी घालू शकते. 5 आणि 6 मधली वांझ. या रेषेकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, आणि 4 की 5 असा प्रश्न पडला तर दोघांनी स्वतंत्रपणे पाहावं.

ही पट्टी युरोपातल्या न्यूसेला लॅपिलस या शंखावरून तयार झाली आहे. आपल्या काही जातींत आधी शिश्न येतं आणि वाहिनी मागून. तुमच्या नमुन्यात टप्पा 1 कधीच दिसला नाही तर तो ओढूनताणून बसवू नका, जे दिसलं त्याचं चित्र काढा.

10. हिशेब

चार आकडे काढा: बाधित माद्यांची टक्केवारी, वांझ माद्यांची टक्केवारी, टप्प्यांची सरासरी आणि माद्यांच्या शिश्नाच्या लांबीचं नरांच्या तुलनेतलं प्रमाण. शेवटच्या आकड्यात हमखास चूक होते, म्हणून उदाहरण देते.

समजा 20 माद्या आहेत, त्यांतल्या 12 बाधित, आणि बाराजणींच्या शिश्नांची एकूण लांबी 24 मिलिमीटर. नरांची सरासरी 6 मिलिमीटर. सरासरी काढताना 24 ला 12 ने भागलं तर 2 येतात आणि प्रमाण 33 टक्के होतं. हे चूक. निरोगी माद्यांची लांबी शून्य आहे, पण त्या गैरहजर नाहीत. 24 भागिले 20, म्हणजे 1.2 मिलिमीटर, आणि प्रमाण 20 टक्के.

आकारमानाचा निर्देशांक वेगळा असतो. त्यात दोन्ही सरासरींचा घन करतात: 1.728 भागिले 216, म्हणजे 0.8 टक्के. 20 आणि 0.8 हे एकाच जागेचे आकडे आहेत. कोणता निर्देशांक वापरला ते न लिहिता दुसऱ्याच्या अहवालाशी तुलना केली तर अनर्थ होतो.

11. रासायनिक तपासणीसाठी नमुना ठेवायचा असेल तर

गाळ किंवा ऊती पीव्हीसीच्या डब्यात ठेवू नका. पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी त्यात कथिलाची सेंद्रिय संयुगं घालतात, ती नमुन्यात उतरू शकतात. स्वच्छ काचेची बाटली घ्या, अंधारात, उणे 20 अंशांवर ठेवा.

प्रयोगशाळेचा निकाल आला की एकक पाहा. तो 'कथिल म्हणून' दिलाय की 'टीबीटी म्हणून'? 1 नॅनोग्रॅम कथिल म्हणजे सुमारे 2.44 नॅनोग्रॅम टीबीटी. हे न पाहता दोन अहवाल शेजारी ठेवले तर किनारा अडीच पट घाण किंवा अडीच पट स्वच्छ दिसतो.

12. निष्कर्ष लिहिताना

म्युरिसिडींत एकदा आलेला इंपोसेक्स सहसा जात नाही, आणि हे शंख बरीच वर्षं जगतात. म्हणून मोठ्या मादीच्या अंगावरची खूण जुन्या प्रदूषणाची असू शकते. नमुने उंचीनुसार दोन गटांत मांडा. लहान प्रौढ माद्याही बाधित असतील, तर टीबीटी अलीकडेही पोहोचतंय असा संशय घ्यायला जागा आहे. फक्त मोठ्याच बाधित असतील तर परिस्थिती सुधारत असू शकते. रासायनिक मोजणी केली नसेल तर 'टीबीटी आढळलं' असं लिहू नका, 'टीबीटीमुळे होणाऱ्या बदलाशी जुळणारी लक्षणं आढळली' असं लिहा.

'खडकावर शंख भरपूर आहेत, म्हणजे सगळं ठीक' हेही लिहू नका. ज्या जातींच्या अळ्या पाण्यातून तरंगत येतात, त्यांच्या वांझ वसाहतीतही दुसरीकडून पिल्लं येऊन बसतात. खडक भरलेला दिसतो, आणि त्यावरच्या एकाही मादीला अंडी घालता येत नाही असं होऊ शकतं.

फोडलेली कवचं फेकू नका. धुऊन, वाळवून, नमुना क्रमांकासह ठेवा. कोणी जातीवर शंका घेतली तर उत्तर त्या कवचातच मिळेल. वहीची मूळ पानंही जपा, खाडाखोडीसकट: 'नर' खोडून 'मादी' लिहिलेलं पान तर नक्कीच.